मदत हवी आहे: मुलीच्या फॅट बर्नरच्या डब्यावर 'जेरॅनियम अर्क' लिहिलंय, निवड चाचणी १२ दिवसांवर

पापडवाली_महाल

नमस्कार. एरवी मी इथे वाचून निघून जाते, पण आज रात्रीचे दीड वाजले आहेत आणि मुलगी अजून खोलीत येरझारा घालून राहिली आहे, म्हणून लिहिते.

मुलगी १८ वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. कुस्ती खेळते, गादीवर, ५७ किलोत. सध्या वजन साडेएकोणसाठ. १२ दिवसांनी निवड चाचणी आहे आणि या वेळी डोप टेस्टवाले येणार अशी तालमीत कुजबुज आहे.

आठ दिवसांपासून तिची झोप उडाली. काल पोळी लाटताना हात थरथरत होता. रविवारी तर्री-पोहे समोर ठेवले, तर दोन घास खाऊन उठली. ही पोरगी तर्री-पोह्यांना नाही म्हणते म्हणजे काहीतरी बिनसलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वरून पारा ४४ वर आणि ही संध्याकाळी पाचला प्लास्टिकचा सूट घालून धावायला जाते.

शेवटी कपाटात डबा सापडला. फॅट बर्नर, साडेतीन हजारांचा, जिममधल्या ट्रेनरनं दिलेला. माझा पापड-सांडग्यांचा लहानसा धंदा आहे. पाव किलोच्या पाकिटावरही मला १४ आकडी एफएसएसएआय नंबर, बॅच, तारीख छापावी लागते. एकदा तारखेचा शिक्का पुसट उमटला तर दुकानदारानं सगळा माल परत केला होता. आणि या परदेशी डब्यावर तो नंबरही नाही नि इथे आणणाऱ्याचं नाव-पत्ताही नाही! घटकांमध्ये कॅफिन, ग्रीन टी, मग 'प्रोप्रायटरी ब्लेंड' आणि त्यात जेरॅनियम अर्क. जेरॅनियम म्हणजे कुंडीतलं फूल ना?

ट्रेनरला फोन केला. म्हणाला, "काकू, नॅचरल आहे, सगळेच घेतात. चाचणीच्या तीन दिवस आधी बंद करायचं, काही दिसत नाही." डब्यावर एक चमचा लिहिलाय, मुलगी दोन घेऊन राहिली होती.

हे बंदीतलं आहे का? आज बंद केलं तर १२ दिवसांत शरीरातून जाईल का? आणि ती रोज प्रोटीन पावडर घेते, तीही फेकू का?

जिमकर_२४

काकू, उगाच टेन्शन घेऊन राहिल्या. असले डबे म्हणजे कडक कॉफीच. कॅफिन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही, बघून घ्या.

आखाड्याचा_भाऊ

जिमकर, कॅफिनचं बरोबर सांगितलंस. पण ताईंनी कॅफिनचं विचारलंच नाही.

ताई, मी स्वतः १४ वर्षं कुस्ती केली आहे, आता पोरं शिकवतो. 'जेरॅनियम अर्क' या नावाआड बहुतेक वेळा डीएमएए असतं. त्याचंच दुसरं नाव मिथाइलहेक्झेनअमाइन. डब्यावर यातलं कोणतंही नाव दिसू शकतं. अमेरिकेत १९४० च्या दशकात हे नाक मोकळं करायच्या इनहेलरसाठी आणलं होतं, पुढे ते औषध बाजारातून गेलं आणि काही वर्षांनी तोच माल सप्लिमेंटच्या डब्यातून परत आला. फुलाचं नाव लावलं की झालं नॅचरल. प्रत्यक्षात हे कारखान्यात बनतं. अमेरिकेच्या एफडीएनंही (तिथलं अन्न-औषध प्रशासन) हे सप्लिमेंटमध्ये बेकायदा ठरवलेलं आहे.

वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत ते उत्तेजकांमध्ये आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपलेच पैलवान, जलतरणपटू याच मिथाइलहेक्झेनअमाइनमध्ये सापडले होते. तेव्हा आमच्या तालमीत या शब्दाचा उच्चार कोणाला येत नव्हता, पण भीती सगळ्यांना बसली होती.

आता ट्रेनरचं 'तीन दिवस आधी'. हे अर्धं खरं आहे म्हणूनच पोरं फसतात. उत्तेजकांवर बंदी फक्त स्पर्धेच्या काळात असते आणि तो काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो. पण त्या काळात तुम्ही चमचा तोंडात घातला की नाही हे कोणी विचारत नाही, लघवीत काय निघालं ते बघतात. डीएमएए एका डोसनंतरही चार दिवसांनी सापडलेलं आहे. तुमच्या मुलीनं आठ दिवस दुप्पट घेतलंय, त्यात प्रोप्रायटरी ब्लेंडमध्ये कशाचं प्रमाण किती ते लिहीतच नाहीत. तेव्हा दिवस मोजत बसू नका.

आणि 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. मुद्दाम घेतलं नाही हे सिद्ध केलं तर शिक्षा कमी होऊ शकते, पण त्यासाठी पुरावा तुम्हालाच उभा करावा लागतो. नमुना द्यायची वेळ आलीच तर गेल्या ७ दिवसांत घेतलेलं सगळं फॉर्मवर लिहायला सांगा. लपवू नका.

प्रोटीनचं म्हणाल तर बॅचनिहाय तपासणी झालेला डबा असेल तर ठीक. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' या सप्लिमेंट तपासणाऱ्यांचा शिक्का आणि बॅच नंबर त्यांच्या साइटवर जुळतो का बघा. नुसता शिक्का कोणीही छापतो. तोही त्याच ट्रेनरकडचा असेल तर मी तरी वापरणार नाही.

डॉ_अंबाझरी

टेस्टचं नंतर बघू. ताई, आजपासून तो डबा बंद आणि तो प्लास्टिक सूटही बंद. हळूहळू कमी करायची गरज नाही. उद्या सकाळी नाडी, बीपी मोजा आणि ईसीजी काढून घ्या, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा जवळच्या फिजिशियनकडे. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं असंबद्ध वाटलं तर सकाळची वाट बघू नका.

ही उत्तेजकं रक्तवाहिन्या आवळतात. त्वचेतून उष्णता बाहेर जायची वाट अरुंद होते आणि आतून शरीर आणखी तापतं. त्यावर ४४ अंश, घाम अडवणारा सूट आणि वजनासाठी पाणी तोडलेलं. २००३ साली अमेरिकेत स्टीव्ह बेकलर नावाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघातानं गेला. तो वजन उतरवण्यासाठी इफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असलेलं सप्लिमेंट घेत होता. पुढच्याच वर्षी तिथे इफेड्राच्या सप्लिमेंटवर बंदी आली. तो फ्लोरिडात फेब्रुवारीत गेला, आपल्याकडचा मे सोडाच.

झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी देऊ नका. सर्दीची गोळीही विचारल्याशिवाय नको, त्यात स्यूडोइफेड्रिन असू शकतं, तेही एका मर्यादेच्या वर बंदीतच येतं.

वऱ्हाडची_सून

माझ्या जावेनं 'आयुर्वेदिक' म्हणून चरबीच्या कॅप्सूल घेतल्या होत्या, धडधड तशीच. कशात काय मिसळतात कोण जाणे.

डॉ_अंबाझरी

अशा कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध सापडल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते मागे घेतलं गेलं, भारतात २०११ मध्ये बंद झालं. लेबलवर ते नाव कधीच नसतं. तुमच्या जावेलाही ईसीजी सांगा.

पापडवाली_महाल

तुम्ही लिहिलंत तसं आज सकाळी मेडिकलला नेलं. नाडी ११८, बीपी १५०/९६. ईसीजीत नाडी जलद सोडली तर दुसरं काही नाही. डॉक्टरांनी दोन दिवस तालीम बंद सांगितली.

रडली खूप. म्हणे ५७ उतरलं नाही तर वर्ष गेलं.

आखाड्याचा_भाऊ

वर्ष जात नाही. ५९ चा गट आहे ना! साडेएकोणसाठवर अर्धा किलो उतरवायचं, तेही नीट जेवून होतं. ५९ ला समोरची पोरगी थोडी जड लागेल, पण उपाशी, थरथरत्या हातानं ५७ ला उतरून काय लढणार? तिच्या वस्तादांशी आजच बोला, वजनगट बदलायची मुदत बघा.

पापडवाली_महाल

बोलले. वस्ताद आधी चिडले, मग म्हणाले ५९ ला नाव टाकतो. मुदत अजून दोन दिवस आहे.

एकच राहिलं. ट्रेनरचा दोनदा फोन येऊन गेला. डबा परत द्या म्हणतो, पूर्ण पैसे देतो म्हणतो. यांचं म्हणणं देऊन टाक, कटकट नको. साडेतीन हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही. देऊ का?

आखाड्याचा_भाऊ

अजिबात नाही. चाचणीत काही निघालंच तर तो डबा हाच तुमचा पुरावा. झाकण चिकटपट्टीनं बंद करा, बॅच नंबर आणि लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा. पैसे दिल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर बोलू नका, जे असेल ते मेसेजवर लिही म्हणावं. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बिननंबरी डबा विकला म्हणजे काय, हे तुम्हाला पापडवालीला मी काय सांगू!

पापडवाली_महाल

डबा पापडाच्या पिंपात ठेवलाय, कुलूप लावून. मुलगी आत्ता झोपली आहे. बाकी उद्या लिहिते.