अस्वलाचं पित्त: औषध आहे, मग आक्षेप कशाला?

कोतवाल: चिनी औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे 'ते काहीही खातात' म्हणून नाकं मुरडतात. अहो, अस्वलाच्या पित्तात अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल भरपूर असतं आणि तेच आपले डॉक्टर पित्तखड्यांवर, यकृताच्या काही दुखण्यांवर लिहून देतात. शेकडो वर्षांपूर्वी त्या वैद्यांच्या लक्षात आलं, त्याला अंधश्रद्धा कसं म्हणायचं?

औषधवाली: अंधश्रद्धा नाहीच. पण मी १२ वर्षं औषधांच्या काउंटरवर आहे, त्या गोळीत अस्वल नसतं. हे आम्ल कारखान्यात करायची रीत जपानमध्ये १९५० च्या दशकातच सापडली. आता बहुतेक कत्तलखान्यातल्या गुरांच्या पित्तापासून बनतं. तरी चीनमध्ये अस्वलांना पिंजऱ्यात ठेवून, पोटाला भोक पाडून वर्षानुवर्षं पित्त काढतात, तेही कायदेशीर. मार्च २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांसाठी तिथल्या सरकारी सूचनांत जे 'तान रे छिंग' इंजेक्शन आलं, त्यातही अस्वलाचं पित्त आहे!

कोतवाल: म्हणजे गुरांचं चालतं, अस्वलाचं नाही? रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन डुकराच्या आतड्यातून येतं. सर्पदंशावरची आपल्या हाफकिनची लस? घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातून. तिथे कुणाचं मन द्रवत नाही.

डोंगरवाट: सर्पदंशाला आज दुसरा इलाज नाही, पित्तखड्यांना आहे. आणि घोडा जंगलातून पकडून आणत नाहीत. खवले मांजराचं बघा. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. दूध येण्यासाठी बाळंतिणीला द्यायचे म्हणे! आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ मध्ये बंदी ठरली, २०२० मध्ये चीनने आपल्या औषधकोशाच्या यादीतून खवले काढले. तरी आमच्या कोकणात अजून तस्करीच्या केसेस होतात.

चहाबाज: गाढवं राहिली की! कातडं उकळून 'अजाव' करतात, रक्तवाढीला. चीनमधली गाढवं कमी पडली तशी आफ्रिकेतली जायला लागली. पाणी वाहणारं गाढव रात्रीत चोरीला गेलं तर त्या घरच्या बाईने हंडे डोक्यावर न्यायचे का? शेवटी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारायलाच बंदी केली.

कोतवाल: खवल्यांचं मान्य, गाढवांचंही. पण 'दुसरा इलाज नाही' हे ठरवणार कोण? गावच्या वैद्यालाही तसंच वाटत असेल.

औषधवाली: वाटत असेल. त्याला ती गोळी दाखवा, किंमतही सांगा.