अनुभव धागा: पहिलं गिटार पेडल, कमी पैशात (नाशिक)

धागाकर्ता
"इलेक्ट्रिक गिटार घेतली, आता पहिलं पेडल कोणतं घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा येतोय की उत्तरं एका जागी असलेली बरी. पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद होणारी, आवाज बदलणारी पेटी. विनंती एवढीच: "अमुक भारी, तमुक फालतू" असं लिहू नका. पेडल कशाला जोडायचं, त्याला वीज कुठून द्यायची, नॉब कुठे ठेवायचे आणि कुठे बिघडतं, हे लिहा. नॉबची जागा घड्याळाच्या काट्यासारखी सांगा, म्हणजे मधोमध असेल तर १२.

सुरुवात मी करतो. पेडलच्या आधी आपला आवाज कुठून बाहेर पडतो ते बघा. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो. होम थिएटर, ब्लूटूथ स्पीकर, मंडळाचा पीए (कार्यक्रमाचे लाउडस्पीकर) यांचे स्पीकर तसं करत नाहीत. म्हणून डिस्टॉर्शनचं (आवाज जोरात फोडणारं) पेडल सरळ होम थिएटरला जोडलं की बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज येतो आणि लोक पेडल परत करायला निघतात. त्यात पेडलचा दोष नसतो. घरी गिटार अँप नसेल तर एकटं डिस्टॉर्शन घेऊच नका, कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) असलेलं काहीतरी घ्या.

गोदाकाठ
१० ते १५ वॉटचा लहान अँप आहे असं धरून लिहितो. पहिलं पेडल ओव्हरड्राइव्ह (आवाज हलका फोडणारं) घ्यावं. बॉसचं एसडी-१ हे १९८१ पासूनचं, डीएस-१ हे १९७८ पासूनचं, दोन्ही आजही नवीन मिळतात आणि जुन्या बाजारात बहुतेक घातलेल्या पैशात विकली जातात. त्याहून कमी बजेट असेल तर जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह किंवा बेरिंजरचं टीओ८००. ही दोन्ही ट्यूब स्क्रीमर या आयबनेझच्या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हच्या धाटणीची आहेत. बेरिंजरची पेटी प्लास्टिकची आहे, घरच्या सरावाला पुरते.

या जातीची पेडल्स खालचा आवाज थोडा कापतात आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग वर काढतात. खोलीत एकट्याने वाजवताना ते नाकातून गायल्यासारखं वाटतं. पण गणपतीच्या मंडपात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोल एकत्र सुरू झाले की गिटार ऐकू येते ती त्या मधल्या भागामुळेच. खालची जागा ढोलाने आधीच भरलेली असते. याउलट मधला आवाज काढून टाकून बेस आणि ट्रेबल वाढवलेला टोन घरी भव्य वाटतो आणि मंडपात नाहीसा होतो.

नॉब असे: अँप क्लीन (आवाज न फुटणारा) ठेवायचा, बेस ११, ट्रेबल ११, मिडल १. एसडी-१ ला ड्राइव्ह १०, टोन १२, आणि लेव्हल इतकी की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखी राहील. अँपचा स्वतःचा गेन (आवाज फुटण्याची पातळी) वाढवल्यामुळे आवाज थोडा फुटत असेल तर उलट करा: ड्राइव्ह ८, लेव्हल ३. मग पेडल अँपला पुढे ढकलतं आणि आवाज जास्त जिवंत लागतो. डीएस-१ मुळातच चरचरीत आहे. त्याचा टोन ९ च्या पुढे नेऊ नका, डिस्टॉर्शन १० वर पुरतं. डीएस-१ वर "टोचतो" अशी तक्रार करणाऱ्यांचा टोन नॉब बहुतेक १२ वर असतो.

पॅच केबल
गोदाकाठ, तुमचं म्हणणं अँपवाल्यांसाठी बरोबर. पण सिडकोत, इंदिरानगरात फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर सराव करणाऱ्याला हेडफोन लागतो, आणि एकटं ओव्हरड्राइव्ह हेडफोनवर चालत नाही. अशांनी लहान मल्टिइफेक्ट (एकाच पेटीत अनेक पेडल्स आणि अँपच्या नकला) घ्यावं. झूम जी१ फोर हे ठरलेलं उदाहरण: एका वेळी पाच इफेक्ट, ३० सेकंदांचा लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा), ६८ ताल, आणि चार पेन्सिल सेलवरही चालतं. ट्यूनर आतच असतो, त्यामुळे तो खर्चही वाचतो.

यात नवशिके फसतात ते कंपनीच्या तयार पॅचमध्ये (साठवलेल्या आवाजांमध्ये). दुकानात लक्ष वेधून घ्यावं म्हणून त्यांत रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमणूक) आणि डिले (प्रतिध्वनी) भरपूर ओतलेला असतो. त्याने बोटांच्या चुका झाकल्या जातात आणि सरावाचा उपयोग होत नाही. सगळं बंद करा. फक्त एक अँप मॉडेल (अँपची नक्कल) आणि त्याचं कॅबिनेट ठेवा, गेन अर्ध्याच्या खाली. त्यावर दोन आठवडे वाजवून मगच तिसरी गोष्ट जोडा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: हेडफोन किंवा पीए असेल तर कॅबिनेट चालू, गिटार अँपच्या पुढच्या इनपुटला लावलं तर कॅबिनेट बंद. दोन्हीकडे कॅबिनेट राहिलं की गोधडीखाली ठेवल्यासारखा दबका आवाज येतो.

सोल्डरची तार
पेडल बिघडण्यापेक्षा चुकीच्या अडॅप्टरने मरण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून विजेबद्दल सविस्तर लिहितो.

बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो, पिन ५.५ गुणिले २.१ मिलिमीटरची, आणि मधला भाग ऋण. अडॅप्टरवर एक छोटं चित्र छापलेलं असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धं वर्तुळ, दोन्ही बाजूंना अधिक-उण्याची खूण. ठिपक्याला जोडलेली खूण उणे असली पाहिजे. काही वायफाय राऊटरचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो, त्याची पिनही पेडलमध्ये बसते, पण त्याचा मधला भाग बहुधा धन असतो. तो लावला की पेडलमधला संरक्षक डायोड आधी जळतो, आणि नशीब वाईट असेल तर आयसीही (आतली चिप). सीसीटीव्हीचा अडॅप्टर तर १२ व्होल्टचा. चित्र पुसट असेल तर मल्टिमीटरने बघा: लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर, आकडा उणे ९ च्या आसपास दिसला तर योग्य.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिअँपिअर मात्र गरजेपेक्षा जास्त असले तर काही बिघडत नाही, पेडल हवे तेवढेच ओढतं. साध्या ओव्हरड्राइव्हला ५ ते १० मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल डिलेला ५० ते १०० लागू शकतात, आणि वर सांगितलेल्या झूमला ५०० चा अडॅप्टर लागतो. सगळ्यांची बेरीज करून दीडपट क्षमतेचा घ्या.

एका अडॅप्टरमधून पाच तोंडांची साखळी-वायर काढून ओव्हरड्राइव्ह आणि डिजिटल डिले दोन्ही चालवले की बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. ती डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची असते, सामाईक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते. उपाय स्वस्त आहे: डिजिटल पेडलला वेगळा अडॅप्टर द्या. वेगवेगळे विलग आउटपुट असलेला पॉवर सप्लाय नंतर घेता येईल. पॉवर बँकेतून ५ चे ९ व्होल्ट करणाऱ्या वायरीनेही अशीच शिट्टी येऊ शकते.

चौकोनी बॅटरीवर चालवत असाल तर सराव संपला की इनपुटची पिन काढा. पेडलचा खरा स्विच तोच असतो. पाय मारून दिवा बंद केला तरी पिन आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते.

जुनं बॉस पेडल घेत असाल तर अडॅप्टरच्या भोकाशेजारी काय छापलंय ते वाचा. "एसीए" असेल तर ते जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठीचं आहे. आजच्या ९ व्होल्टवर त्याचा दिवा मंद लागतो आणि आवाज मरगळतो. त्यात बॅटरी घालून बघा. ठणठणीत चाललं तर पेडल चांगलं आहे.

नवीन वाचक, पाथर्डी फाटा
गिटार-अँप चालू केला की गुणगुण येते, तारांवर हात ठेवला की कमी होते. गिटार खराब आहे का? पेडल लावल्यावर तर फारच वाढते.

सोल्डरची तार
नाही, खराब नाही. तारांना हात लावल्यावर कमी होणं म्हणजे ब्रिजची (तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाची) ग्राउंड तार जागेवर आहे. शरीर घरातल्या वायरिंगमधला आवाज पकडतं, तारांना हात लागला की तो ग्राउंडला जातो. सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडून विजेत बदलणारे, एकाच गुंडाळीचे) असतील तर थोडी गुणगुण राहणारच, आणि ओव्हरड्राइव्ह ती गिटारीसकट मोठी करतं.

क्रमाने बघा: पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण बंद करा, मग ट्यूबलाइट, मग लॅपटॉपचा चार्जर काढा. उभं राहून गिटारीचं तोंड हळूहळू फिरवा, एका कोनात आवाज पडतो, तिथे बसा. लाईट गेल्यावर जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप चालवला तर गुणगुण वाढणारच. सॉकेटला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी अँपच्या प्लगची जाड पिन कधीही कापू नका. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी बंद करा, अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका.

जुना बाजार
वापरलेलं पेडल घेताना स्वतःची नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि स्वतःच्या दोन केबल न्या. आधी मागचं झाकण उघडा: बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गळती झालेली आहे. मग प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर किंमत कमी करा, पण सोडू नका, ती क्लीनरने बहुधा जाते. जॅकमध्ये पिन घालून हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर आधी जॅकचं बाहेरचं नट सैल आहे का बघा, पुष्कळदा तेवढंच असतं. शेवटी फूटस्विच वीस वेळा दाबा. वीसपैकी दोनदा जरी चुकला तरी बदलावा लागेल.

ट्रू बायपास (बंद असताना गिटारचा आवाज सरळ पुढे सोडणाऱ्या) पेडलमधला निळा स्विच नऊ पायांचा असतो, सुटा स्वस्त मिळतो. तारांचा फोटो काढल्याशिवाय एकही पाय सुटा करू नका. सोल्डरिंग करताना एका पायाला दोन-तीन सेकंदच टोक लावा आणि मध्ये थांबा. जास्त तापलं की आतलं प्लास्टिक वितळतं आणि नवा स्विचही तसाच अडकतो.

सहावी तार
दुसरं पेडल म्हणून डिले घेणाऱ्यांसाठी. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १०० बीपीएमला ६००. त्याची तीन चतुर्थांश, म्हणजे ४५०, ठेवून सरळ आठव्या भागांत (एका मात्रेत दोन स्वर) वाजवलं की ती ओळखीची पळती नक्षी तयार होते. फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा) १०, मिक्स (प्रतिध्वनी किती मोठा) ९. स्वस्त डिलेंमध्ये बरेचदा पीटी२३९९ ही चिप असते. तिच्यावर वेळ लांबवली की खरखर वाढते, ४५० ला ती ऐकू येईल. लांब वेळ हवी असेल तर ही चिप नसलेलं डिजिटल डिले घ्या.

जोडणीचा क्रम: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस (एका गिटारीच्या दोन झाल्यासारखं भासवणारं), डिले, रिव्हर्ब. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलात तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा फुटतो आणि गिचमिड होते.

प्लायवाला
पेडल्स मांडायचा बोर्ड विकत घेऊ नका. १२ मिलिमीटर प्लायचा ४५ गुणिले २० सेंटिमीटरचा तुकडा, मागच्या कडेखाली एक इंची पट्टी, वर दोन इंची वेल्क्रो. पेडलचा तळ आधी स्पिरिटने पुसा. मे महिन्यात बंद गाडीत बोर्ड ठेवू नका, उन्हाने वेल्क्रोचा गोंद पातळ होतो आणि पेडल अख्खी पट्टी घेऊन सरकतं.

पावसाळ्यात जॅक काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कानातला बोळा आत फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या, मगच वीज. घरगुती तेलाचा स्प्रे नॉबमध्ये मारू नका, त्यावर धूळ बसते.

पॅच केबल १५ सेंटिमीटरच्या घ्या आणि घेतल्यावर मल्टिमीटरने बघा: टोक ते टोक बीप, बाही (पिनचा टोकामागचा धातूचा भाग) ते बाही बीप, टोक ते बाही शांत. केबल वाकवत तपासा, सरळ ठेवून सगळ्याच पास होतात.

अकूस्टिकवाल्यांसाठी
गिटारीत पिकअप नसेल तर पेडलला जोडायला काही नाहीच, आधी पिकअप. पिकअप असेल तरी डिस्टॉर्शन घेऊ नका, पोकळ पेटी लगेच किंचाळते. ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं) घ्या. शिट्टी सुरू झाली तर एकेक पट्टा वर करून शिट्टी कोणत्या पट्ट्यावर वाढते ते शोधा आणि तोच खाली आणा. बहुधा तो १०० ते २५० हर्ट्झच्या मधला निघतो.

गोदाकाठ
एक राहिलं. नाशिकमध्ये हवं ते मॉडेल वाजवून बघायला मिळालं नाही तर सकाळची पंचवटी पकडून मुंबई गाठता येते, धोबी तलावची दुकानं सीएसएमटीहून चालत आहेत. स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. दुकानदार मोठ्या ट्यूब अँपला जोडून देईल, तेव्हा विनंती करून आपल्या घरी आहे त्याच मापाच्या लहान अँपवर, बोलण्याएवढ्या आवाजात वाजवून बघा.