भुकटीपेक्षा तंतू बरे

कारखान्यातील लोखंडी भुकटी सिमेंटात कालवली की विद्युतचुंबकीय (रेडिओ, मोबाइलच्या) लहरी अडतात, हे मत अर्धेच खरे आहे. धातूच्या कणांची एकमेकांना टेकलेली, वीज वाहून नेणारी साखळी तयार झाली, तर लहर अधिक चांगली परतते. सुटे कण सिमेंटाने वेढले गेले की ती तुटते, आणि म्हणून तेवढ्याच वजनाच्या गोल कणांपेक्षा लेथवरून (धातू कातण्याच्या यंत्रावरून) निघणारे लांब टर्निंग, म्हणजे धातूचे कातलेले वेटोळे, किंवा जुन्या टायरांतील पोलादी तारा सहसा अधिक उपयोगी पडतात. लोखंडी भुकटी चुंबकीय असल्याने काही ऊर्जा शोषते, हे मान्य. मात्र टर्निंगवरील कटिंग ऑइल (कातताना वापरलेले तेल) धुऊन काढावेच लागते. शिवाय लहर किती क्षीण झाली हे डेसिबलमध्ये मोजतात: २० डेसिबल म्हणजे ९९ टक्के ऊर्जा अडली, ३० म्हणजे ९९.९ टक्के, तेव्हा कोणत्या वारंवारतेला किती, हे सांगितल्याशिवाय दाव्याला अर्थ नाही. सोलापुरात यंत्रमाग आहेतच. स्टेनलेस स्टीलचे बारीक तंतू सुतात मिसळून विणलेले कापड हा प्रयोग येथे सिमेंटापेक्षा अधिक साजेसा ठरेल, असे मला वाटते, फक्त ते तंतू भंगारातून थेट मिळत नाहीत, भंगार वितळवून त्याच्या तारा ओढाव्या लागतात.