परदेशी कपड्यांचं दुकान आपल्या गावात आलं तेव्हा… (अनुभव लिहा)

घाटकोपरची सून

मागच्या रविवारी सासूबाईंना घेऊन कुर्ल्याच्या फिनिक्सला गेलते. त्यांची चष्म्याची फ्रेम बदलायची होती, ती झाली, मग म्हणाल्या आलोच आहोत तर चल जरा दुकानं बघू. एका परदेशी दुकानात शिरलो (नाव राहू दे), तर ह्यांनी काय करावं, रॅकवरचा एक टॉप काढला, सरळ उलटा केला आणि शिलाई बघायला लागल्या. आधी बाजूची, मग बाहीची, मग काखेतली. तिथला मुलगा लगेच धावत आला, मॅम कॅन आय हेल्प यू. सासूबाई त्याला मराठीतच म्हणाल्या, "अरे बाळा, यात माया कुठे सोडलीय? उद्या बाई अंगाने जरा भरली तर उसवून मोठा कसा करायचा?" मुलगा निघाला रत्नागिरीकडचा. हसला आणि म्हणाला, "आजी, मोठा नाही करायचा, नवीन घ्यायचा." सासूबाई घरी येईपर्यंत गप्प. रात्री भाकरी थापताना एकदम, "नवीन घ्यायचा म्हणे!"

तर त्यावरून हा धागा. असल्या दुकानात पहिल्यांदा कधी गेलात, कोणाबरोबर, काय घेतलंत, की नुसता एसी खाऊन आलात? मी मोज्यांची जोडी घेतली कारण रिकाम्या हाताने बाहेर पडायची लाज वाटली, तेवढी हिंमत मला अजून आलेली नाही.

बदलापूर फास्ट

मोजे!! मला वाटलेलं हे फक्त मीच करतो.

माझा अनुभव युनिक्लोचा (जपानी ब्रँड), ६ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार. मुंबईतलं त्यांचं पहिलं दुकान, तेही कुर्ल्याच्या फिनिक्सलाच. (दिल्लीत २०१९लाच आलं होतं, आपल्याकडे यायला चार वर्षं लागली. दोन आठवड्यांनी गोरेगावच्या ओबेरॉय मॉलला दुसरं.) ऑफिसातून लवकर कल्टी मारून गेलो. बाहेर ऑक्टोबरची हीट, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आत सगळी पब्लिक थंडीची जॅकेटं चाचपतेय. ते पिसांचं हलकं जॅकेट असतं ना, जे घडी घालून इवल्याशा पिशवीत जातं, त्याच्याभोवती घोळका. एक काका ते पिशवीत कोंबतायत, काढतायत, परत कोंबतायत. काकू म्हणाल्या केदारनाथला उपयोगी पडेल, काका म्हणाले केदारनाथला आपण २०११ला जाऊन आलोय.

मी एअरिझमचे (त्यांचं उन्हाळी पातळ कापड) दोन बनियन घेतले. घरी आईने किंमत विचारली, मी निम्मी सांगितली, तरी ती खाली बसली. पण खरं सांगू, लोकलला लटकून जाणाऱ्या माणसाला त्या बनियनची किंमत कळते. घाम येतो, येत नाही असं नाही, पण चिकटत नाही. आता वर्षाला दोन घेतो आणि किंमत अजून निम्मीच सांगतो.

निशिकासाई

वरचं वाचून हसू आलं कारण मी तोक्योत राहतो आणि इथे युनिक्लो म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचं दुकान. चड्डी बनियन मोजे, पाऊस आला की छत्री. १९८४ला हिरोशिमात सुरू झालं तेव्हा नाव होतं युनिक क्लोदिंग वेअरहाऊस, त्याचं तोडून युनि-क्लो. पुढे हाँगकाँगला कंपनीची नोंदणी करताना सी अक्षराच्या जागी चुकून क्यू पडला आणि मालकाला तो आवडला म्हणून तसाच ठेवला. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव चुकतं आणि जन्मभर चिकटतं, तसलाच प्रकार.

जपानीत एक शब्द आहे, युनिबारे. म्हणजे तुम्ही अंगात घातलंय ते युनिक्लोचं आहे हे दुसऱ्याने ओळखलं आणि तुमची पंचाईत झाली. आणि मी पुण्याला सुट्टीवर आलो की मावसभाऊ कॉलर उलटी करून लेबल शोधतो आणि खूश होतो! त्याला मी युनिबारे सांगितलं नाहीये अजून. अजून एक, इथे पँट घेतली की उंची तिथेच कमी करून देतात, ते मात्र फार सोयीचं.

पावणेपाच फूट

उंचीचा विषय काढलात म्हणून लिहिते. नाव घेत नाही, पण ज्या परदेशी दुकानात पहिल्यांदा गेले तिथे सगळ्यात छोट्या मापाची जीन्स घातली तर कमरेला बसली आणि पायाखाली अशी लोळत होती जणू मी ताईची घालून आलेय. ट्रायल रूमच्या बाहेरची मुलगी म्हणाली, "मॅम, फोल्ड करून घालायची फॅशन आहे." अगं किती फोल्ड करू, गुडघ्यापर्यंत येईल. तरी घेतली, सेल होता. आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या मावशींकडे नेली. त्यांनी कापली, आणि कापलेल्या दोन तुकड्यांची मोबाईलची पिशवी शिवून दिली, वर चेन लावून. जीन्स दीड वर्षात गेली. पिशवी अजून वापरते.

भोंगा

धाग्यावर हे बसेल की नाही माहीत नाही, लांब आहे थोडं.

आमचे बाबा लोअर परळला कापडगिरणीत साच्यावर (म्हणजे मागावर) होते. तिथली फिनिक्स गिरणी (कुर्ल्याचा मॉल वेगळा) त्यांची नव्हे, शेजारची, पण कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा ते झोपेत सांगायचे. १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. त्यानंतर बाबा गावी जाऊन आले, परत आले, भाजी विकली, शेवटी एका सोसायटीत वॉचमन. फिनिक्सच्या आवारात आधी बोलिंग आलं, मग दुकानं, मग पॅलेडियम, आणि २०१०ला तिथे झारा. पेपरात फोटो आलेले. बाबांना मी वर्षभराने घेऊन गेलो, दिवाळीत, बळेबळेच. गेटवर थांबले. म्हणाले, "इथनं आत जायला पास लागायचा."

आत गेल्यावर मात्र बदलले. कपडे बघत नव्हते, कापड बघत होते. एक पांढरा शर्ट घेतला, बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळलं, मग दिव्याकडे धरून आरपार बघितलं. "काउंट बारीक आहे. विणणाऱ्याचा हात चांगलाय." (काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा.) मला लेबल वाचायला लावलं. मोरोक्को. "हे कुठं आलं?" म्हटलं आफ्रिकेत. थोडा वेळ शर्ट हातात तसाच. मग म्हणाले, "म्हंजे तिथं गिरण्या चालू आहेत."

मी म्हटलं घेऊया, माझ्याकडून. नको म्हणाले, पांढरा मळतो. बाहेर आल्यावर ती गिरणीची धुराची चिमणी आहे ना, ठेवलीय त्यांनी अजून, तिच्याकडे बघून म्हणाले धूर नसला की बारीक दिसते. मग वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

बदलापूर फास्ट

@भोंगा, लांब बिंब काही नाही. अजून लिही.

मागवाला, इचलकरंजी

भोंगा, तुमच्या वडलांनी दिव्याकडं धरून बघितलं ते वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं सगळेच असं करतात, लग्नात सुद्धा नवरदेवाच्या शर्टाचं कापड चोळून बघणारी माणसं आहेत.

स्टाइल नंबर

मी तिरुपूरला (तमिळनाडूतलं कपड्यांच्या फॅक्टऱ्यांचं गाव) मर्चंडायझर होतो नऊ वर्षं, म्हणजे ब्रँडची ऑर्डर फॅक्टरीतून वेळेत काढून घेणारा. आता बंगळुरात बाईंग हाऊसला, ब्रँडसाठी माल खरेदी करणाऱ्या ऑफिसात. ब्रँडचं नाव सांगता येत नाही, करारच तसा असतो.

लग्नानंतर बायको म्हणाली मॉलमध्ये ते नवीन दुकान आलंय चल. गेलो. समोरच्याच टेबलावर टी-शर्टांची चळत, आणि माझे पाय थांबले. तो स्टाइल नंबर (म्हणजे ते डिझाइन) मी तीन महिने उरावर घेऊन फिरलो होतो. त्याचा निळा रंग लॅब डिपला (रंगाच्या नमुन्याला) चार वेळा नापास झाला, १८० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कापड १७२ भरलं म्हणून क्यूसीने, म्हणजे तपासणीवाल्यांनी, अख्खा लॉट अडवला, शेवटी जहाज चुकलं आणि माल विमानाने पाठवावा लागला, तोही फॅक्टरीच्या खर्चाने. बायको तो अंगाला लावून आरशात बघतेय आणि म्हणते, "बघ ना, फॉरेनचा कपडा वेगळाच असतो." काय बोलणार. मी हेमची (खालच्या दुमडीची) शिलाई बघत होतो, कुठे टाका सुटलाय का. सुटला नव्हता.

लोकांना वाटतं हे ब्रँड आत्ता आले. दुकानं आत्ता आली हो. सरकारने २००६मध्ये एकाच ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्के परदेशी गुंतवणूक चालू दिली, जानेवारी २०१२ला १०० टक्के, आणि ५१च्या वर गेलात तर ३० टक्के खरेदी भारतातून करा अशी अट (पुढे ती सैल झाली). पण माल त्याच्या कितीतरी आधीपासून इथून बोटीने जातच होता. झारा तर आली तीच टाटांच्या ट्रेन्टशी भागीदारी करून. झुडिओ पण ट्रेन्टचंच, त्यामुळे झारा की झुडिओ म्हणून भांडणाऱ्यांनी जरा दमाने घ्या.

फोर्टातला कारकून

फाउंटनला इस्माईल बिल्डिंगमध्ये झारा आलं २०१७च्या मे महिन्यात. शंभर वर्षांहून जुनी दगडी इमारत, रोज समोरून जायचो, कधी मान वर करून बघितली नव्हती, दिवे लागल्यावर कळलं काय देखणी आहे. मे म्हणजे तुम्हाला माहितीच. डबा खाऊन आम्ही चौघं रोज पंधरा मिनिटं आत. खरेदी शून्य. सिक्युरिटीवाला नंतर नंतर मान हलवायला लागला, या साहेब.

आमच्यातल्या एकाचा आयुष्यभराचा सराव फॅशन स्ट्रीटचा, चालत दहा मिनिटांवर, तिथे साडेतीनशे म्हणाला की आपण दीडशे म्हणायचं आणि पाठ फिरवून चालायला लागायचं, हाक येतेच. त्याने सवयीने इथे काउंटरवर विचारलं, "शेवटचं किती?" मुलगी म्हणाली, "सॉरी सर?" हा खरोखर पाठ फिरवून चालायला लागला. हाक आली नाही. आम्ही अजून त्याला ऑफिसात "शेवटचं किती" म्हणतो.

२०२५ला ते दुकान तिथून गेलं. फॅशन स्ट्रीट आहे तिथेच.

सीए_पण_सुट्टीवर

किमती १४९०, १९९०, २४९० अशा का असतात विचारणाऱ्यांसाठी: ती दुकानदारीची जुनी युक्ती, पण कराची एक गंमत आहे. कपड्यांवर आधी हजारापर्यंत ५ टक्के जीएसटी होता, वर १२. २२ सप्टेंबर २०२५पासून २५००पर्यंत ५ आणि वर थेट १८. म्हणजे स्वस्त परदेशी दुकानातला बराचसा माल आता खालच्या टप्प्यात आणि जाडजूड कोट वरच्या. आपल्या पैठणीचं काय झालं ते विचारू नका, वेगळा धागा काढा.

बॉस्टनकर

आमच्याकडे उलटं. सप्टेंबर २०१५, डाउनटाउन क्रॉसिंगला आयर्लंडचं प्रायमार्क आलं, अमेरिकेतलं त्यांचं पहिलं. जुन्या फायलीन्सच्या इमारतीत. शेजारच्या आजी सांगायच्या की त्या इमारतीच्या तळघरात पूर्वी अशी सोय होती की माल जितके दिवस पडून राहील तितकी किंमत आपोआप उतरायची, म्हणून बायका आवडलेला ड्रेस दुसऱ्याच मापांच्या गठ्ठ्यात लपवून यायच्या. हे ऐकल्यापासून मला अमेरिकन बायका आपल्याच वाटायला लागल्या. मी पहिल्या आठवड्यात गेले, भारतवारीसाठी अकरा टी-शर्ट आणि मोजे (हो, मोजेच), ऑनलाइन ते तेव्हा विकत नव्हते त्यामुळे गर्दीत जाण्यावाचून इलाज नव्हता. मीही परदेशी, दुकानही परदेशी, रांगेत पुढची बाई ब्राझीलची.

उधार उद्या

दुकानदाराच्या घरातलं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमचं डोंबिवलीला रेडिमेडचं दुकान, आजोबांपासूनचं. मुलांचे ड्रेस, गणपतीआधी झब्बे, जूनमध्ये शाळेचे गणवेश. मॉलमध्ये परदेशी चेन आली तेव्हा अप्पा महिनाभर तिचं नाव घेत नव्हते, "ते" म्हणायचे. मग एका सोमवारी, आमचं दुकान बंद असतं तेव्हा, एकटेच जाऊन आले. आम्हाला वाटलं किमती बघायला गेले असतील. किमतींचं काहीच नाही. म्हणाले, "अगं एक बाई वापरलेला वाटावा असा स्वेटर घेऊन आली, बिल दाखवलं, आणि त्यांनी पैसे परत दिले! का म्हणून विचारलं सुद्धा नाही!" हे त्यांनी आईला सांगितलं, मला सांगितलं, फोनवर आत्याला सांगितलं.

आमच्या गल्ल्यावर पाटी आहे, "विकलेला माल परत किंवा बदलून मिळणार नाही." लाल ऑइलपेंटने, आजोबांच्या हातची. दोन दिवसांनी बघते तर अप्पांनी "किंवा बदलून" वर पांढरी पट्टी चिकटवलेली. परत मात्र अजून देत नाहीत. आणि बदलायला आलेल्या बाईला चहा विचारतात, ते तिकडे नाही मिळत हे त्यांनी नीट बघून ठेवलंय.

पावणेपाच फूट

अप्पांना नमस्कार सांगा. आणि लोकहो, मावशी गावाला गेल्यात, दादरला पँट कापून देणारं चांगलं कोणी?

बदलापूर फास्ट

छबिलदासच्या गल्लीत विचारा, मशीन घेऊन बसणारे आहेत. अर्ध्या तासात देतात. कापलेला तुकडा मागून घ्या, नाहीतर ठेवून घेतात.

घाटकोपरची सून

आणि आत माया सोडायला सांगा. हे मी नाही, सासूबाई म्हणतायत, शेजारी बसून सगळं वाचून घेतायत माझ्याकडून.