एफएफपीई ब्लॉकमधून डीएनए: नॅनोड्रॉपवर भरपूर, पीसीआरला ठणठणाट

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये फुफ्फुसाच्या बायॉप्सीचे पॅराफिन ब्लॉक (एफएफपीई, म्हणजे फॉर्मलीनमध्ये टिकवून मेणात बसवलेलं ऊतक) ईजीएफआर या कॅन्सरशी संबंधित जीनच्या तपासणीसाठी येतात, बरेचसे जिल्ह्यातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधून. सध्याची पद्धत अशी: १० मायक्रॉनचे ४ सेक्शन (पातळ काप), झायलीन १ मिली एकदाच, मग अल्कोहोल एकदा, प्रोटिनेज के (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर २ तास, ९० अंशांवर १ तास, डीएनए धरून ठेवणारा कॉलम आणि शेवटी १०० मायक्रोलिटरमध्ये एल्युशन (डीएनए सोडवून घेणं).
नॅनोड्रॉपवर (प्रकाशाच्या शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) ६० ते ९० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर दिसतं. शुद्धतेची गुणोत्तरं: २६०/२८० साधारण १.८, पण २६०/२३० फक्त ०.६ ते ०.९. रिअल टाइम पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) इंटर्नल कंट्रोलचा (नेहमी वाढायलाच हवा असा डीएनए) सीटी, म्हणजे सिग्नल दिसायला लागणारी सायकल, ३४ च्या पुढे जातो, काही नमुने लागतच नाहीत, म्हणजे सिग्नलच येत नाही. रक्तातून काढलेला डीएनए त्याच मास्टरमिक्सवर (पीसीआरचं तयार मिश्रण) २५-२६ ला व्यवस्थित लागतो. डीएनए काढायचं किट बदलावं का?

सातपूरचा_सेंट्रीफ्यूज
किट बदलू नका, पैसे वाया जातील. आधी तो ६०-९० चा आकडा डोक्यातून काढा. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला शोषण करणारं सगळंच मोजतो: आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, एकेरी धागे. तुमच्या पद्धतीत आरनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) दिसत नाही. ९० अंशांनंतर ट्यूब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, १०० मिग्रॅ/मिलीचं आरनेज ए २ मायक्रोलिटर घाला, २ मिनिटं थांबा आणि मग पुढे जा. शेवटी क्युबिटवर (चमकणाऱ्या रंगद्रव्यावरून मोजणारं यंत्र) दुहेरी धाग्याच्या डीएनएचं किट लावून मोजा. नॅनोड्रॉपच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी आलं तर दचकू नका.
आता डायजेशन (ऊतक पचवणं). २ तास कमी आहेत. १८० मायक्रोलिटर लायसिस बफर, २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (२० मिग्रॅ/मिली) आणि रात्रभर ५६ अंश. सकाळी द्रव स्वच्छ नसेल, तुकडे तरंगत असतील, तर आणखी २० घालून तास-दोन तास ठेवा. अर्धवट पचलेलं प्रोटीन कॉलम तुंबवतं आणि डीएनए त्यातच अडकून राहतो.
२६०/२३० कमी म्हणजे बहुधा कॉलमच्या बफरमधलं ग्वानिडीनचं मीठ राहिलंय. दुसरा वॉश दोनदा द्या. मग कॉलम नव्या ट्यूबमध्ये ठेवून ३ मिनिटं पूर्ण वेगाने रिकामा स्पिन, नाहीतर अल्कोहोल एल्युशनमध्ये उतरतं. बायॉप्सीसाठी १०० मायक्रोलिटर म्हणजे ताकात पाणी. ३० पुरे. बफर मेम्ब्रेनच्या मधोमध टाकून ५ मिनिटं थांबा, मग स्पिन. आणि नॅनोड्रॉपचा ब्लँक त्याच एल्युशन बफरचा घ्या.

पॅराफिन_५८
वरचं सगळं मान्य, पण खरं दुखणं ब्लॉक तुमच्याकडे पोचण्याआधीच झालेलं असू शकतं. ते शोधायची फुकटातली युक्ती: एच-अँड-ई (नेहमीची रंगवलेली) स्लाइड मागवून बघा. रक्ताच्या जागी तपकिरी-काळे बारीक दाणे दिसले तर फॉर्मलीन आम्लयुक्त होतं. बफर नसलेल्या फॉर्मलीनमध्ये हळूहळू फॉर्मिक ॲसिड बनतं, पीएच उतरतो, डीएनएवरचे प्युरीन (ए आणि जी ही अक्षरं) गळून पडतात आणि धागा तुटतो. असे तुकडे कुठलंही किट सांधून देत नाही.
पाठवणाऱ्या लॅबना हे प्रमाण लिहून द्या: ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास. नमुन्याच्या निदान दहापट द्रव हवा. फिक्सेशन ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ च्या पुढे नको. शनिवारी दुपारी डबीत टाकलेली बायॉप्सी मंगळवारी संध्याकाळी प्रोसेस होत असेल तर पीसीआरला दोष देऊ नका.
इथली एक खास अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा ४० टक्क्यांच्या कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पॅराफॉर्माल्डिहाइड. वरचंच निवळ ओतून बफर बनवलं तर टक्केवारी कमी पडते आणि ऊतक आतून कच्चं राहतं.
हाडातली मेटॅस्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) असेल तर डीकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) कशाने केलं ते विचाराच. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर दुसरा ब्लॉक मागा. ईडीटीएवाला (कॅल्शियम बांधून काढणारं सौम्य रसायन) चालतो.

गोदाकाठ
धन्यवाद दोघांनाही. काही स्लाइडवर तसे दाणे आहेत! पण सगळ्यांवर नाहीत, तरी सीटी उशिराचाच. मग इनहिबिटर (पीसीआर अडवणारा पदार्थ) आहे की डीएनएच तुटलाय, हे कसं ओळखायचं?

एक_सीटी_कमी
डायल्युशन करा. मूळ आणि दहापट पातळ केलेला नमुना एकाच रनमध्ये लावा. इनहिबिटर नसेल तर सीटी साधारण ३.३ ने वाढायला हवा. मूळ ३४.५ आणि पातळ ३५, किंवा पातळ आधीच लागला, तर इनहिबिशन: हीम, मेलॅनिन, अल्कोहोल, उरलेलं मेण. तो नमुना पातळ करूनच चालवा किंवा पुन्हा कॉलममधून काढा. पातळ केलेला ३८ ला गेला किंवा लागलाच नाही, तर चालण्याजोगा डीएनए मुळातच कमी आहे.
तुटलाय का, हे बघायला एकाच जीनवर १००, २००, ३०० आणि ४०० बेसपेअरचे (अक्षरजोड्यांचे) तुकडे वाढवणारे प्रायमर लावून जेल चालवा. १०० चा पट्टा ठळक आणि ३०० चा गायब, हे जुन्या ब्लॉकचं नेहमीचं चित्र. तुमच्या कंट्रोलचा अँप्लिकॉन (पीसीआरमध्ये वाढणारा तुकडा) किती लांब आहे? २५० चा असेल तर रक्तावर मस्त चालेल आणि ब्लॉकवर रडवेल. १५० च्या आत हवा.
सेक्शनबद्दल: झायलीन एकदा पुरत नाही. १ मिली, १० मिनिटं, पूर्ण वेगाने २ मिनिटं स्पिन, हे दोनदा. मग निखळ अल्कोहोल दोनदा. बायॉप्सीचा पेलेट पांढरा, हलका असतो आणि पिपेटबरोबर सहज निघून जातो. म्हणून शेवटचे ५०-१०० मायक्रोलिटर उघड्या ट्यूबमधून ३७ अंशांवर उडू द्या. बहुतेकांचा डीएनए इथेच सिंकमध्ये जातो आणि नाव पडतं कॉलमचं.
ब्लॉकचे पहिले दोन-तीन सेक्शन टाकून द्या, हवेला लागलेले असतात. प्रत्येक ब्लॉकला ब्लेडची नवी जागा, आणि मधूनमधून ऊतक नसलेल्या कोऱ्या पॅराफिनचा सेक्शन कंट्रोल म्हणून. तो लागला तर मायक्रोटोमवर (काप घेणाऱ्या यंत्रावर) कचरा आहे. आणि पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरचा भाग स्लाइडवर आखून घ्या. ५ टक्के ट्यूमर असलेला अख्खा सेक्शन खरवडून निगेटिव्ह आला, तर ते निगेटिव्ह कसलं?

पॅराफिन_५८
ईजीएफआर आहे म्हणून एक धोका सांगतो. फॉर्मलीनमुळे सायटोसिनचं डीॲमिनेशन होऊन युरॅसिल बनतं आणि पीसीआर ते थायमिन म्हणून वाचतो. टी७९०एम हा ईजीएफआरमधला बदल नेमका सी (सायटोसिन) चा टी (थायमिन). म्हणजे खराब ब्लॉक खोटा टी७९०एम दाखवू शकतो. एल८५८आर हा ईजीएफआरमधलाच दुसरा बदल टी चा जी, त्याला ही भीती नाही.
१० नॅनोग्रॅममध्ये जीनोमच्या जवळपास ३,००० प्रती असतात, पण त्यातल्या वाढण्याजोग्या ३०च उरल्या असतील तर एका बिघडलेल्या प्रतीचे ३ टक्के होतात. यूडीजी एन्झाइम लावल्यावर युरॅसिलवाल्या प्रती बाद होतात. मात्र मिथाइल लागलेलं सायटोसिन थेट थायमिन बनतं, ते यूडीजीला ओळखू येत नाही, आणि टी७९०एमची जागा सीपीजीचीच (सी नंतर जी, जिथे मिथाइल लागतं) आहे. त्यामुळे उपचाराआधीच्या ब्लॉकवर टी७९०एम कमी टक्क्यात दिसला तर नव्या सेक्शनपासून स्वतंत्र एक्स्ट्रॅक्शन करूनच रिपोर्ट द्या. कंट्रोल उशिरा लागलेल्या नमुन्यावर 'म्युटेशन नाही' लिहू नका. 'डीएनए अपुरा, दुसरा नमुना पाठवा' लिहा, डॉक्टर चिडले तरी.

गोदाकाठ
दोन नमुने करून बघितले. एक ३४.२ वरून पातळ केल्यावर ३३.६, दुसरा ३५ वरून अनडिटेक्टेड. पहिल्याचं उत्तर कळलं. रात्रभर डायजेशनची एक अडचण: वीज जाते. आणि हीट ब्लॉक एकच आहे, ५६ वरून ९० ला जायला वेळ लागतो.

सातपूरचा_सेंट्रीफ्यूज
हीट ब्लॉक यूपीएसवर टाका. तासभर वीज गेली तर काही बिघडत नाही, सकाळी तेवढा वेळ वाढवा. तापमान चढत असताना ट्यूब ब्लॉकमध्ये ठेवू नका. बाहेर खोलीच्या तापमानाला ठेवा, ९० झाल्यावर आत घाला आणि तिथून १ तास मोजा. ही पायरी फॉर्मलीनने घातलेले क्रॉसलिंक (गाठी) सोडवते, गाळायची नाही. पण २ तास ठेवलंत तर डीएनए आणखी तुटतो.
९० ला झाकणं फटकन उघडतात, क्लिप लावा. बाहेर काढल्यावर झाकणावरचे थेंब खाली आणायला छोटा स्पिन. आणि हिवाळ्यात लायसिस बफरमध्ये पांढरे कण दिसले तर तो एसडीएस (डिटर्जंट) आहे, बाटली कोमट वॉटरबाथमध्ये फिरवून विरघळवा. तसाच पिपेटने घेतलात तर अर्ध्या ट्यूबना डिटर्जंटच मिळत नाही.