मदत हवी आहे: बाबांना पार्किन्सन, खळ्यात माणसं दिसतात

सुरंगी: बाबांना पार्किन्सन आहे, त्यावरच्या सिंडोपा गोळ्या चालू आहेत. हल्ली तिन्हीसांज झाली की खळ्यात माणसं बसलेली दिसतात, कधी लहान पोरं, काल तर आईला म्हणाले अगं त्यांना चहा टाक. ते घाबरत नाहीत पण आई घाबरलीय. गोळ्या बंद केल्या तर थांबेल का? लवकर सांगा प्लीज.

माडाखाली: गोळ्या एकदम बंद करू नका!! अंग लाकडासारखं होऊन ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. वय काय? डोस वाढवला का? अजून कुठल्या गोळ्या?

देवगडी: सासऱ्यांना खाजकुयलीच्या बियांची पावडर दुधातून देतो, थरथर कमी आहे. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.

माडाखाली: अहो खाजकुयलीत लेवोडोपा हे पार्किन्सनचं औषधच असतं, सिंडोपात पण तेच, वर अजून घातलं तर भास वाढतील!

देवगडी: आमच्याकडे नाही वाढले. प्रत्येकाला गोळ्याच हव्यात.

वेंगुर्लेकर: आमच्या आजयेक असाच होता, राखणदाराक, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाक, गाऱ्हाणा घातला आणि बरा वाटला.

किनारा७: चालताना पाय जमिनीला चिकटतात का? लादीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडत चालायचं, आमच्या काकांना खूप फायदा.

सुरंगी: चालणं ठीक आहे हो. वय ७४. थरथरीसाठी नवीन गोळी दिलीय, पाकिटावर ट्रायहेक्सिफेनिडिल लिहिलंय. लघवीला जळजळ होते म्हणतात पण त्याचा काय संबंध?

खाडीपलीकडे: ताई संबंध आहे, मी नर्स आहे. म्हातारपणी लघवीचं इन्फेक्शन झालं तरी माणूस भ्रमतो, उद्याच लघवी तपासा. पाणी कमी पडतंय का, पोट साफ होतंय का तेही बघा. आणि ती नवीन गोळी या वयात भास आणते, डॉक्टरांना आजच फोन करून तिचं विचारा. कोणी भासांसाठी हॅलोपेरिडॉल देऊ केलं तर पार्किन्सन आहे हे आधी सांगा, त्याने हातपाय आणखी आखडतात. औषध लागलंच तर क्वेटियापिन अगदी कमी डोसमध्ये देतात, पण ते न्यूरोलॉजिस्टने ठरवायचं. गाऱ्हाणं खुशाल घाला, आईला धीर येईल, पण तपासणी थांबवू नका.

सुरंगी: डॉक्टर फोन उचलत नाहीयेत, लॅब सकाळी उघडते. आज रात्री काय करू?

खाडीपलीकडे: खळ्यातला लाईट लावा, खुर्चीवर कपडे टाकले असतील तर उचला, अंधारात त्यांचीच माणसं होतात. वाद घालू नका, मला दिसत नाहीत पण मी आहे जवळ, एवढंच म्हणा. ताप आला, गुंगी आली किंवा ओळख पटेना झाली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.