मदत हवी आहे : मोठ्या शहरातील पहिल्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये गर्दीत स्वतःची गती कशी राखावी?

नमस्कार,

येत्या हंगामात मी पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. स्पर्धा एका मोठ्या शहरातील असून तिच्यात पन्नास हजारांच्या आसपास धावपटू असतात. यापूर्वी मी अर्धमॅरेथॉन धावले आहे, परंतु त्या सर्व स्पर्धा लहान होत्या. सुरुवातीची कमान ओलांडली की थोड्याच वेळात रस्ता मोकळा होत असे आणि पुढचे अंतर जवळजवळ एकटीनेच कापावे लागे. सरावही मी एकटीच करते.

आठवड्याला किती धावावे, बूट कोणते घ्यावेत, लाँग रन (सरावातली आठवड्याची सर्वांत लांब धाव) किती किलोमीटरपर्यंत न्यावी, यांविषयी वाचायला भरपूर मिळते आणि त्या बाबतीत माझी घडी बऱ्यापैकी बसलेली आहे. मला विचारायचे आहे ते गर्दीविषयी. हजारो लोकांच्या मधोमध चार-पाच तास धावताना गतीचे, पाणी पिण्याचे आणि मनाचे काय होते, आणि एकट्याने केलेल्या सरावातले काय तिथे उपयोगी पडत नाही, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

माझे लक्ष्य पावणेपाच तासांचे आहे, म्हणजे किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे ४५ सेकंद. सरावात ही गती मला जड जात नाही. परंतु मोठ्या स्पर्धांत धावपटूंना अपेक्षित वेळेनुसार तुकड्यांत विभागून टप्प्याटप्प्याने सोडले जाते आणि माझी तुकडी अर्थातच मागची आहे. पहाटे उठायचे, सामान जमा करायचे आणि मग बराच काळ थंडीत उभे राहायचे, हे माझ्या सवयीच्या अगदी उलट आहे. मी उठल्यावर तासाभरात धावायला लागते. अशा वेळी न्याहारी कधी करावी?

दुसरी काळजी घड्याळाची आहे. उंच इमारतींच्या मधून धावताना उपग्रहाचे संकेत भिंतींवर आदळून घड्याळापर्यंत पोहोचतात आणि त्यामुळे दाखवलेली गती भलतीच असू शकते, असे मी वाचले आहे. माझे सगळे धावणे त्या एका आकड्याच्या आधाराने चालते. तो आधारच गेला तर गर्दीच्या लोंढ्यात माझी गती कोणती आणि लोकांची कोणती, हे कसे ओळखावे?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिसाव्या किलोमीटरनंतरचा आहे. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी बळ येते असे सगळेच सांगतात. मला मात्र शांततेची सवय आहे, आणि इतक्या तासांच्या आवाजाने उलट थकवा येईल की काय, अशी शंका वाटते. प्रोत्साहनाबद्दल मी ऋणी राहीनच, परंतु तपशील मिळाले तर त्यांचा उपयोग अधिक होईल. लहान वाटणारी गोष्टही अवश्य लिहावी.

प्रतिसाद १

आपण गर्दीचा विचार आधीपासून करत आहात हे फार चांगले आहे, कारण मोठ्या शहरातील मॅरेथॉन पहिल्यांदा धावणाऱ्यांची दमछाक बहुधा अंतरापेक्षा सुरुवातीच्या पाच किलोमीटरमधील घाईमुळे होते.

न्याहारीचा हिशेब उठण्याच्या वेळेवरून न करता आपल्या तुकडीच्या वेळेवरून करावा. मुख्य खाणे तिच्या सुमारे तीन तास आधी आणि तासभर आधी एखादे केळे, एवढे पुरते. हे खाणे घरातून निघण्यापूर्वी करायचे की मैदानावर पोहोचल्यावर, ते त्यातून आपोआप ठरते. मात्र दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करून त्याची सवय लावून घ्या. जुना, टाकून देता येईल असा स्वेटर घालून उभे राहावे आणि निघताना तो कडेला ठेवावा. कित्येक स्पर्धांत असे कपडे गोळा करून गरजूंना दिले जातात. शौचालयाच्या रांगेत, गरज वाटो वा न वाटो, पोहोचल्याबरोबर उभे राहावे, कारण आपला क्रमांक लागेपर्यंत गरज वाटू लागते.

आपली वेळ बिबवरील (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावरील) चिप सुरुवातीच्या पट्टीवरून गेल्यापासून मोजली जाते, त्यामुळे कमानीपर्यंत सरकायला लागलेली मिनिटे वाया जात नाहीत. स्पर्धेची अंतिम मुदत मात्र कोणत्या क्षणापासून धरतात, ते प्रत्येक स्पर्धेच्या नियमांत स्वतंत्रपणे पाहावे. मागच्या तुकडीतील धावपटूसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

पहिले दोन-तीन किलोमीटर समोरचे लोक आपल्यापेक्षा हळू धावतील. तेव्हा फटी शोधत डावी-उजवीकडे घुसत पुढे जाण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. हिशेब करून पाहा : पहिले दोन किलोमीटर प्रत्येकी ७ मिनिटे १५ सेकंदांनी गेले, तर एकूण एक मिनिट मागे पडते, आणि ते उरलेल्या चाळीस किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला दीड सेकंद येतो. याउलट वाकडेतिकडे पळण्यात जे वेग वाढवणे, थांबणे, पुन्हा वेग वाढवणे होते, त्याची किंमत पाय शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये वसूल करतात.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर अधिकृत मोजणीत सर्वांत आखूड मार्गाने, वळणांवर रस्त्याच्या कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर आत राहून मोजतात. त्यासाठी चाकाला मोजणी यंत्र लावलेली सायकल वापरतात आणि मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ४२ मीटर, वर धरतात. लंडन, बर्लिन आणि न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर या मार्गाची निळी रेघ आखलेली असते. गर्दीत त्या रेघेवर राहणे कोणालाच जमत नाही, म्हणून बहुतेकांच्या घड्याळात शेवटी ४२.५ ते ४३ किलोमीटर दिसतात. आपले अंतर ४२.८ भरले, तर ठरलेल्या गतीने धावूनही आपण चार मिनिटे उशिरा पोहोचाल. पावणेपाच तासांत पोहोचायचेच असेल, तर घड्याळातील गती ६ मिनिटे ४० सेकंद धरून तयारी करा, आणि पुढचे वळण कोणत्या बाजूला आहे हे लक्षात ठेवून आधीपासून हळूहळू त्या बाजूला सरकत राहा.

घड्याळाविषयी आपण वाचले ते खरे आहे. शिकागोची मॅरेथॉन सुरुवातीलाच उंच इमारतींच्या मधून जाते आणि तिथे पहिल्या काही किलोमीटरमध्ये घड्याळे अशक्य गती दाखवतात, हे धावपटूंना चांगले माहीत आहे. उपाय सोपा आहे. घड्याळातील आपोआप होणारी किलोमीटरची नोंद बंद करावी आणि रस्त्यावरील अधिकृत पाटीजवळ स्वतः बटण दाबावे. मनगटावर एक कागदी पट्टी बांधून तिच्यावर ५ किलोमीटरला ३३:४५, १० किलोमीटरला १ तास ७:३०, निम्म्या अंतराला साधारण २ तास २२:३० आणि ३० किलोमीटरला ३ तास २२:३० एवढेच लिहावे. अशा वेळा उपग्रहावर अवलंबून नसतात. त्याबरोबरच आत्तापासून आठवड्यातून एकदा घड्याळ झाकून धावा आणि किलोमीटर संपल्यावर अंदाज किती जुळला ते पाहा. श्वासावरून गती ओळखता येणे हे गर्दीत फार कामाला येते.

प्रतिसाद २

मी डॉक्टर असून मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत स्वयंसेवक म्हणून काम करतो. आपण पाण्याचा उल्लेख केलात, म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

मोठ्या स्पर्धांत पाण्याची टेबले थोड्या-थोड्या अंतरावर असतात आणि दिसेल तिथे प्यावे अशी सवय लागते. चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांनी याबाबत विशेष सावध राहावे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम सामान्यापेक्षा कमी आढळले, आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याशी, तसेच चार तासांपेक्षा अधिक वेळ लागण्याशी दिसून आला. डोके दुखणे, मळमळ, हातांची बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. अशी लक्षणे दिसल्यावर आणखी पाणी पिऊ नये, थेट वैद्यकीय तंबूत यावे. तहान लागेल तसे, घोट-घोट पिणे हेच बहुतेकांसाठी योग्य आहे.

धावण्यापूर्वी किंवा धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत. शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि हवामान उष्ण असेल तर लक्ष्य सोडून द्यावे. २००७ मध्ये उष्णतेमुळे शिकागोची मॅरेथॉन मध्येच थांबवावी लागली होती. उष्णतेपुढे सरावाचे फारसे चालत नाही.

टेबलाविषयी एक व्यवहाराची सूचना अशी की, पहिल्या टेबलाशी झुंबड असते, म्हणून सरळ शेवटच्या टेबलापर्यंत जावे. पेला हातात घेतल्यावर त्याचे तोंड चिमटीत धरून निमुळते करावे, म्हणजे चालता चालता पाणी तोंडात जाते, नाकात जात नाही. खाली पेल्यांचा थर आणि ओला रस्ता असतो, त्यामुळे तेवढी वीस-तीस पावले चालत जाण्यात कमीपणा मानू नये.

प्रतिसाद ३

आवाजाविषयीच्या आपल्या शंकेला मी माझ्या न्यू यॉर्कच्या अनुभवावरून उत्तर देते.

ती स्पर्धा शहराच्या पाचही विभागांतून जाते आणि पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास क्वीन्सबोरो पूल लागतो. पुलाच्या ज्या खालच्या मजल्यावरून आपण धावतो तिथे प्रेक्षक नसतात. तोवर कानांत भरलेला गोंगाट एकदम बंद होतो आणि हजारो बुटांचा आवाज व शेजाऱ्याचा श्वास एवढेच ऐकू येते. चढ असतो, थंड वारा असतो, कोणी बोलत नाही. कित्येकांना तो भाग नकोसा होतो. मला तो आवडला, आणि आपणही एकट्याने सराव करत असल्याने आपल्याला तिथे घरच्यासारखे वाटेल, असा माझा अंदाज आहे. खरी परीक्षा पुलावरून उतरल्यावर होते. उतार संपतो, वळण येते आणि फर्स्ट ॲव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे असलेले लोक एकाच वेळी ओरडत असतात. माझ्या आजूबाजूचे सगळेच तिथे वेगाने पळू लागले. वास्तविक तेव्हा सोळा किलोमीटरहून अधिक अंतर शिल्लक असते. त्यांच्यापैकी अनेक जण मला पुढे कडेला चालताना दिसले.

म्हणून माझे मत असे आहे की, आवाजाने थकवा येत नाही. तो नकळत वेग वाढवायला लावतो आणि थकवा त्या वेगाने येतो. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, मर्यादित असते, आणि गती जितकी अधिक तितके ते लवकर संपते. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात त्यामागे हे मोठे कारण आहे. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासातच जेल (धावताना खायचा कर्बोदकांचा दाट पाक) घ्यायला लागणे आणि ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहणे. कोणते जेल पोटाला मानवते ते लाँग रनमध्येच ठरवावे. मोठ्या गर्दीचा पट्टा जवळ आला की मी खांदे सैल सोडते, श्वास मोजते आणि शंभर पावलांपर्यंत कोणाकडेही पाहत नाही. त्यानंतर मात्र बिबवरचे नाव वाचून कोणी हाक मारली, तर हात उंचावून प्रतिसाद जरूर द्या. पस्तिसाव्या किलोमीटरला अनोळखी माणसाने नावाने मारलेली हाक किती पुढे नेते, हे एकट्याच्या सरावात कळत नाही.

शेवटच्या टप्प्यात समोरचा धावपटू अचानक थांबतो, ही अडचण फार वेळा येते. त्यामुळे दोन हात अंतर ठेवावे. आपल्याला चालावेसे वाटले, तर हात वर करून आधी कडेला जावे आणि मगच चालायला लागावे.

धागालेखिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दोन किलोमीटरचा हिशेब वाचून माझी निम्मी काळजी मिटली. घड्याळाची आपोआप नोंद आजच बंद केली आहे, आणि या आठवड्याची लाँग रन उशिरा सुरू करून खाण्याची वेळ तपासून पाहते. पाण्याच्या बाबतीत मी प्रत्येक टेबलावर थांबायचे ठरवले होते. तो बेत बदलते.

दोन गोष्टी राहिल्या. पावणेपाच तासांच्या पेसरबरोबर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोहोचेल अशा गतीने इतरांसाठी धावणाऱ्याबरोबर, धावणे गर्दीत हिताचे ठरेल का? आणि घरच्यांना कुठे उभे राहायला सांगावे? त्यांची इच्छा अंतिम रेषेजवळ थांबण्याची आहे.

प्रतिसाद १

पेसरच्या मागे मोठा घोळका असतो आणि पाण्याच्या टेबलाशी तो एकदम तुटून पडतो, म्हणून त्याच्या वीस-तीस मीटर मागे किंवा पुढे राहावे. तो आपल्याच तुकडीतून निघाला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आधीच्या तुकडीतून निघालेला पेसर पुढे दिसला, तर त्याच्याकडे पाहून आपली वेळ ठरवता येणार नाही. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये तो घाई करत आहे असे वाटले, तर खुशाल जाऊ द्यावे.

घरच्यांना अंतिम रेषेजवळ बोलावू नका. तिथे जागा मिळत नाही, आणि आपण रेषा ओलांडल्यावर पदक, पाणी, सामान असे करत बरेच अंतर चालून मगच बाहेर पडता. त्यांना बत्तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान, रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकाजवळच्या जागी उभे राहायला सांगा, आणि रस्त्याची डावी बाजू की उजवी, हेही धावपटूच्या दिशेने ठरवून ठेवा. माग दाखवणारे ॲप कधी कधी मागे राहते, त्यामुळे पट्टीवरील वेळांची एक प्रत त्यांच्याकडेही द्यावी. स्पर्धा संपल्यावर त्या परिसरात फोन लागत नाहीत. भेटण्यासाठी आडनावाच्या अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतील तर त्यांपैकी एक, नसतील तर बाहेरच्या रस्त्यावरील एखादी ठळक खूण आदल्या दिवशीच ठरवून घ्या, आणि अंगावर घालायचे कोरडे, उबदार कपडे त्यांच्याजवळच द्या.